दादाचा पेला आणि माझ्या हातातली रक्तवाहिनी

संडासाबद्दल लिहिल्याशिवाय या आजाराबद्दल लिहिता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी पान उलटावं. ज्यांना हा आजार आहे ते उलटणार नाहीत, याची मला खात्री आहे.

मी जयसिंगपूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. राहतो कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, थोरल्या भावाच्या घरी. रोजचं जाणं-येणं पूर्वी एस्टीनं करत असे. मग एका दिवाळीनंतर पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागे. जावं लागणार हे कळणं आणि जाणं, यात दोन मिनिटांचीही सवड नसे. मी एस्टी सोडून पॅसेंजर गाडी धरली, कारण गाडीत संडास असतो. शाळेत सांगितलं, की गाडीत वाचन चांगलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. डब्याच्या त्या टोकाला बसून मी जाडजूड ग्रंथ संपवले.

घरात संडास एकच. सकाळी मी आत असलो की बाहेर दादा खाकरायचा. तो आत असला की बाहेर मी. "काय रं, आत वाचनालय काढलंस व्हय?" असं तो दारावर थाप मारून विचारायचा. मला वाटे, वय झालं तसा दादा आत वेळ लावायला लागला. त्याला वाटे, धाकटा पुस्तकातला किडा, आत पण पुस्तक नेतो. दोन वर्षं आम्ही दोघे भाऊ त्या एका दारापाशी आळीपाळीनं उभे राहिलो, आणि रक्त पडतं हे दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला सांगितलं नाही.

दादा तालमीतला. पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच असली की दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसलेला असायचा. रोज सकाळी तो कट्ट्यावर जाऊन दूध प्यायचा. आमच्या गावात गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, समोर धार काढतात आणि लोक उभ्याउभ्या ते फेसाळ दूध पिऊन कामाला लागतात. डिसेंबरातल्या एका सकाळी दादा असंच दूध पिऊन परत येताना तालमीच्या पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. बावन्न वर्षांचा होता.

फाइल

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. चार दिवसांनी वहिनींनी दादाचं कपाट आवरायला काढलं. शर्टांच्या घडीखाली गोळ्यांची पाकिटं निघाली आणि पोटाच्या डॉक्टरांची एक फाइल. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं, तीन महिन्यांनी दाखवणे. त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

वहिनी फाइल मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. "मला म्हणायचे, पित्ताच्या गोळ्या हायत," एवढंच त्या पुटपुटल्या. मग मान वर करून माझ्याकडं बघत राहिल्या.

"भावजी, तुमी बी आत लई वेळ बसता. खरं सांगा. रगत पडतंय?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी हो म्हणालो. किती दिवस, तर दोन वर्षं. मला वाटलं, त्या रडतील. त्या चिडल्या.

"मी काय मेलतो का घरात? एकानं बी सांगू न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची फाइल पिशवीत घालून त्यांनी मला त्याच डॉक्टरांकडं नेलं. नवऱ्याला जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. रिक्षात त्या माझ्या शर्टाची बाही धरून बसल्या होत्या. मी वाटेत उतरून पळेन असं त्यांना वाटलं असावं. विचार माझ्या मनात आलाही होता.

दुर्बीण

दुर्बिणीची तपासणी लोक सांगतात तेवढी वाईट नसते. वाईट असतं ते आदल्या दिवशी प्यायचं औषधी पाणी. मिठाच्या पाण्यात कुणी लिमलेटची गोळी विसरून गेल्यासारखी त्याची चव असते. ते थंड करून, नाक धरून प्यावं. जवळ पुस्तक ठेवायचं तर कथासंग्रह ठेवावा. कादंबरी सलग वाचू देत नाही.

डॉ. खोब्रागडे मूळच्या नागपूरच्या, कोल्हापुरात येऊन थोडीच वर्षं झालेली. त्या सावकाश बोलतात, हे मला फार आवडलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात याला. कॅन्सर नाही. मुळापासून जाणारा आजार नाही, पण औषधानं झोपवून ठेवता येतो. मी विचारलं, दादाला हेच होतं का? त्या म्हणाल्या, हो. घराण्यात चालतो कधीकधी.

मग मी खरा प्रश्न विचारला. दादा यानं गेला का?

त्यांनी पेन खाली ठेवलं. तसं ठामपणे सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. तंबाखू होती, वजन होतं, औषध सोडलेलं होतं. पण आतड्यातली सूज धुमसत राहिली तर तिचा त्रास रक्तवाहिन्यांनाही पोचतो, हे खरं आहे. "हे तुम्हाला भीती घालायला सांगत नाही," त्या म्हणाल्या, "औषध सोडू नये म्हणून सांगते."

औषध मी सोडणार नव्हतोच. पण भीतीही सुटली नाही. त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच प्रश्न उरला. मी दादाच्या मागोमाग चाललो आहे का?

संडासाजवळची खाट

मला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. कुठली खाट हवी विचारल्यावर लोक खिडकीजवळची मागतात. मी संडासाजवळची मागितली. नर्स हसली आणि लगेच दिली. ती खाट कायम रिकामीच असते म्हणे. ही मला त्या आठवड्यातली पहिली कृपा वाटली.

पहाटे साडेपाचला तापमान, सहाला रक्त, सातला चहा, जो मला नसायचा. हाताला सलाइन आणि संध्याकाळी पोटाच्या कातडीत एक बारीक सुई. ती सुई रक्त पातळ ठेवण्यासाठी आहे असं कळल्यावर मी घाबरलो. आधीच रक्त जातंय, आणि वर पातळ कशाला? राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी घाबरत विचारलं. त्यांनी समजावलं ते असं: कोटाला आतून अस्तर असतं ना, तसं रक्तवाहिनीलाही असतं. फार पातळ, पण फार हुशार. रक्त कुठं वाहू द्यायचं, कुठं गोठू द्यायचं, वाहिनी कधी सैल सोडायची, हे तेच ठरवतं. आतडं पेटलेलं असलं की हे अस्तरही वैतागतं आणि नको तिथं रक्ताची गाठ बसू शकते. म्हणून ही सुई.

मला ते अस्तर आवडलं. गुपचूप, आत राहून, सगळं सांभाळणारं. शाळेच्या वाचनालयात मी हेच करतो, असं वाटून मनातल्या मनात हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पेठेतली माणसं भेटायला येत होती आणि येताना ताकद आणत होती. आमच्याकडं ताकद म्हणजे तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, उकडलेली अंडी. वहिनी दारातच खुर्ची टाकून बसत आणि डबा तिथंच अडवत. मला गुरगुट्या भात आणि पातळ वरण. अडवलेले डबे वाया घालवायचे कशाला, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून त्या स्वतः दोन घास खात. वास आत येई. मी तक्रार केली नाही. दादा गेल्यापासून त्यांच्या पोटात नीट अन्न गेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. माझ्या आजारपणानं निदान त्या जेवायला लागल्या.

बरगे

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉ. खोब्रागडेंनी विचारलं, आम्ही काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर तपासून नोंदी ठेवतो आहोत, त्यात याल का? सुई नाही, औषध नाही. यावरून तुमचे उपचार बदलणार नाहीत, आमच्या अभ्यासासाठी आहे. आता एकदा, आणि आजार शांत झाल्यावर एकदा. मी लगेच सही केली. माझ्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळेल, असं मी धरून चाललो. ते तसं धरू नका असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान डोलावली आणि तसंच धरलं.

तपासणी करणाऱ्या शबानाताई कोल्हापूरच्याच. अंधाऱ्या, गार खोलीत त्यांनी मला झोपवलं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, पुस्तक बाजूला. कोपराच्या खाली पट्टा बांधला आणि कोपराच्या वर सोनोग्राफीचं यंत्र धरलं. पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवतात. हात बधिर होतो, बोटं माझी नव्हेत असं वाटतं. मग एकदम सोडतात.

"आपल्याकडं बंधाऱ्याच्या फळ्या, बरगे काढतात बघा," त्या म्हणाल्या. "अडवलेलं पानी एकदम सुटतंय. नस चांगली असली तर पान्याला जागा करून देती, रुंद हुती. आजारी असली तर तशीच ऱ्हाती, ढिम्म."

किती रुंद होते ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शेजारच्या पडद्यावर संगणक त्याचा आलेख काढतो. माझा आलेख त्या दिवशी इचलकरंजीच्या रस्त्यासारखा सपाट होता. डॉक्टर म्हणाल्या, अपेक्षितच आहे, आतडं अजून पेटलेलं आहे. पुढच्या वेळी बघू.

पेला

पुढचे महिने बरे गेले, आणि बरं जाणं याबद्दल लिहायला फारसं नसतं. सात-आठ वेळांचं चार वेळा झालं, चाराचं दोन. रक्त थांबलं. एका दिवशी मी चुकून एस्टीत बसलो आणि हातकणंगले गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. जयसिंगपूरला उतरून मी एकटाच स्टँडवर उभा राहून हसलो.

दूध सुरुवातीला बंद होतं. सप्टेंबरात डॉक्टरांनी थोडं चालेल म्हटलं आणि मी कट्ट्यावर गेलो. दादाच्या माघारी मी तिकडं फिरकलो नव्हतो. गवळी रंगामामांनी मला बघितलं, भिंतीच्या कोनाड्यातून एक पेला काढला आणि धुतला. दादाचा पेला. अर्धा लिटर सहज मावेल असा, अंगावर त्याचं नाव कोरलेला. नऊ महिने त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

मग मी रोज जायला लागलो. अर्धा पेला पुरे म्हणायचो. रंगामामा तोंड वाकडं करायचे आणि अर्धाच द्यायचे.

दुसऱ्या तपासणीसाठी दवाखान्यानं सुचवलेली तारीख दादाला वर्ष होण्याची होती. मी मुद्दाम तीच घेतली. त्या सकाळी घरात बसणं मला जमलं नसतं. आदल्या संध्याकाळी सातनंतर काही खाल्लं नाही. चहा नाही, पान-सुपारी मी कधी खात नाही. सगळं नियमाप्रमाणं. जाताना वाटेत कट्टा लागला. रंगामामांना दिवस आठवत होता. त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

त्या दिवशी मला अर्धा म्हणता आलं नाही.

सपाट

शबानाताईंनी विचारलं, काही खाल्लंय का? मी खरं सांगितलं, आदल्या संध्याकाळपासून काही नाही.

पट्टा आवळला, पाच मिनिटं झाली, सोडला. मी मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून आलेखाकडं बघत होतो. तो हलला नाही. शबानाताई म्हणाल्या, मॅडम सांगतील. पण त्यांचा चेहरा काही लपवू शकत नव्हता.

डॉक्टरांची भेट दोन आठवड्यांनी होती. ते दोन आठवडे मी कसे काढले हे लिहायला मला लाज वाटते, पण अशा दिवसांतून जाणाऱ्यांसाठी लिहितो. मला वाटलं, आतडं बरं झालं तरी अस्तर गेलेलंच आहे. दादाचंही असंच असणार. तो हसत-ओरडत फिरत होता आणि आतून सपाट होता. मी शाळेच्या वाचनालयाची नवी यादी करायला घेतली, माझ्यानंतर येणाऱ्याला कपाटं सापडावीत म्हणून. घरची पुस्तकं खोक्यांत भरून त्यांवर कुणाकुणाची नावं लिहिली. एका संध्याकाळी वहिनींना माझे कागदपत्र कुठल्या खणात आहेत ते दाखवू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, खोक्यांकडं बघितलं.

"कुटं निघालासा?"

मी सांगितलं. आलेखाबद्दल, दादाबद्दल, सगळं. लपवायला मला आता वहिनींची बंदी होती. वहिनींनी खण धाडकन बंद केला आणि डॉक्टरांकडं मी बी येतो म्हणाल्या.

चौकशी

डॉ. खोब्रागडे कागद उलटसुलट करून बघत होत्या. रक्त चांगलं, शौचाची तपासणी चांगली, दुर्बिणीत आतडं शांत. फक्त हे एक जुळत नाही, असं त्या म्हणाल्या. झोप झाली होती? झाली होती. चहा? नाही. तंबाखू? कधीच नाही. धावतपळत आलात? नाही, चालत, सावकाश. नक्की रिकाम्या पोटी होतात?

"व्हय की," माझ्याआधी वहिनी म्हणाल्या. "रिकाम्या पोटीच गेलते. कट्ट्यावर दूध पिऊन थेट हितंच."

डॉक्टरांनी आधी वहिनींकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"दूध प्यायलात?"

"हो," मी म्हणालो. "पण खाल्लं काही नव्हतं."

किती, असं त्यांनी विचारलं. मी हातानं पेल्याची उंची दाखवली. कसलं दूध? म्हशीचं, धारेचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ धरलं. त्या हसत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी पदव्युत्तर शिकलेला माणूस आहे, वाचनालयात आरोग्याचं एक अख्खं कपाट आहे, आणि दूध हे अन्न आहे हे मला कुणी विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. आमच्याकडं उपासाला दूध चालतं, औषधावर दूध चालतं, भांडून न जेवलेला माणूससुद्धा दूध पितो आणि उपाशी आहे म्हणतो.

एवढं सायीचं दूध पोटात गेलं की काही तास ते अस्तर सुस्तावतं, असं डॉक्टर म्हणाल्या. फक्त त्यामुळंच आलेख असा आला, हे त्या सांगणार नव्हत्या; पण ही मोजणी धरता येणार नाही, पुन्हा करू. शबानाताईंना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. "मी विचारायला पायजे होतं, मॅडम. पन मी बी हितलीच. माझ्या बी डोस्क्यात आलं न्हाई." मागाहून त्यांनी अभ्यासातल्या इतर लोकांना फोन लावले, तेव्हा आणखी काही जण कट्ट्यावरून उपाशी आलेले निघाले. आता तिथल्या सूचनांच्या छापील कागदाखाली शाईनं एक ओळ लिहिलेली असते: दूध हेही खाणेच.

परत जाताना वहिनी रिक्षात म्हणाल्या, "ती खोकी सोडा आता. माळ्यावर जागा न्हाई."

पुन्हा

तिसऱ्या वेळी मी कट्टा चुकवून, मागच्या गल्लीनं गेलो. चोरासारखं वाटत होतं. शबानाताईंनी काही खाल्लंय का विचारलं, मग बोट उगारून, काही प्यायलाय का विचारलं. पाणी, मी म्हणालो. वहिनी या वेळी आत खुर्चीवर बसल्या होत्या. बोलायचं नाही, या अटीवर.

पट्टा आवळला. पाच मिनिटं. बोटं बधिर झाली. मला दादाचा खाकरण्याचा आवाज आठवला, दारापलीकडचा. पट्टा सुटला आणि हातातून ऊब बोटांपर्यंत धावली. मी डोळे मिटून घेतले होते.

"भावजी," वहिनी म्हणाल्या. अट मोडली होती. "चढलं की ते."

आलेख जोतिबाच्या डोंगरासारखा नव्हता, पण आमच्या गल्लीच्या चढाइतका नक्कीच होता. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. शबानाताई त्यांना गप्प बसायला सांगायचं विसरून गेल्या.

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत आधी गोळ्यांबद्दल बजावलं, मग आलेख दाखवला. हा म्हणजे भविष्य नव्हे, त्या म्हणाल्या. आजचा दिवस चांगला आहे, एवढंच यातून कळतं. मला तेवढं पुरलं. माझ्यासारख्यांना सांगायचं एवढंच, की गोळ्या चुकवू नका आणि घरात सांगा. एका दारापाशी दोघं उभे असाल तर आधी सांगा.

तपासणी झाली त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. म्हशी आलेल्या होत्या. रंगामामा धार काढता काढता म्हणाले, सकाळी दिसला न्हाई मास्तर. मी सांगितलं, दवाखान्यात तपासणी होती, उपाशीपोटी जायचं होतं.

त्यांनी धार थांबवून माझ्याकडं बघितलं.

"मग यायचं की. दूध पिऊन जायचं."

त्यांनी कोनाड्यातून पेला काढला, धुतला आणि भरू लागले. अर्धा झाल्यावर मी हात आडवा धरला.

"तुजा दादा कधी अर्धा म्हणला न्हाई," ते म्हणाले.

"माहीत आहे, मामा," मी म्हणालो. "अर्धाच द्या."